पडलेली वस्तू काढणारा लोहचुंबक : शाळेत करावयाचे एक साधन

लोहचुंबकाचा पाठ आपल्या प्राथमिक शाळांस नवा नाही. पेटीतला नालाकृती चुंबक काढावयाचा, टाचण्यांच्या ढिगाऱ्यात धरावयाचा, चिकटलेल्या टाचण्या वर्गास दाखवावयाच्या आणि ‘लोहचुंबक लोखंडास आकर्षून घेतो’ हे वाक्य फळ्यावर लिहून पाठ आटोपता घ्यावयाचा, अशी आपली सामान्य रीत आहे. मुले ते वाक्य पाठ करतात व परीक्षेत लिहितातही. परंतु त्याच मुलाच्या आईची सुई धान्याच्या कणगीत पडली, तर त्यास चुंबकाची आठवण होईलच असे नाही. ज्ञान वहीत राहिले, हातात उतरले नाही, असा ह्याचा अर्थ होतो.

प्रस्तुत लेखात ह्या पाठास पूरक असे एक साधन सुचविले आहे. अडचणीच्या जागी पडलेली लोखंडी वस्तू बाहेर काढण्याचा हा हातांनी केलेला चुंबक होय. त्यास खर्च जवळजवळ नाही. मात्र तो मुलांनी स्वतः करावयाचा आहे. ही सूचना मला कोणत्या ग्रंथात मिळाली नाही. एका विद्यार्थ्याकडून मिळाली, म्हणून प्रथम ती हकीकत सांगतो.

एका शाळेतील प्रसंग

काही वर्षांपूर्वी नाशिकपासून फार दूर नसलेल्या एका गावच्या दोनशिक्षकी शाळेस मी भेट दिली होती. पाचवीच्या वर्गात भूमितीचा पाठ चालू असता एका मुलीचे कर्कटक हातातून निसटले व ओट्याच्या दोन दगडांमधील फटीत खोल गेले. फट बोटभरही रुंद नव्हती. कोणी काडी घातली, कोणी पट्टी घातली. कर्कटक आणखीच खाली गेले. इतक्यात शेवटच्या ओळीतील एक मुलगा उठला. त्याने दप्तरातून सुतळीला बांधलेला काळा चुंबकाचा तुकडा काढला, तो फटीत सोडला, दोनदा हळूच हलविला आणि कर्कटक वर आणले.

“हे कोठे शिकलास?” असे मी विचारले. तो म्हणाला, “रामकुंडावर, भावाकडून. लोखंडाचं असंल तर येतं, पितळेचं नाय येत. आन् एकदम नाय ओढायचं, पाण्याच्या वर येताना पडतं.”

पंचवटीस गोदावरीत यात्रेकरू नाणी टाकतात आणि दोरीला चुंबक बांधून ती नाणी काढणारी मुले व माणसे रामकुंडाच्या परिसरात दिसतात, हे नाशिककरांस ठाऊकच आहे. ह्या मुलाचे कुटुंब वर्षातील काही महिने नातेवाइकांकडे घाटाजवळ राहत असे व त्या काळात तो शाळेत येत नसे. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा पुष्कळ होत्या. मी शेरेबहीत त्याच्या अनुपस्थितीविषयी एक ओळ लिहिली आणि निघून आलो. त्याने सांगितलेल्या दोन वाक्यांत पदार्थविज्ञानाचे तीन नियम होते, हे मला परतीच्या वाटेवर उमगले. शेरेबहीत त्याविषयी मी काहीच लिहिले नव्हते. पुढील वर्षी त्याच शाळेस गेलो तेव्हा तो मुलगा पटावर नव्हता.

जुनी साधने

पडलेली वस्तू काढण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. विहिरीत घागर पडली म्हणजे गावातून गळ मागून आणण्याची पद्धत अनेकांस आठवत असेल. तीन-चार वाकड्या आकड्यांचा हा लोखंडी गळ दोरीस बांधून विहिरीच्या तळाशी फिरवीत, व घागरीचा काठ आकड्यात अडकला की ती वर ओढीत. घागर तांब्याची वा पितळेची असल्यामुळे तेथे चुंबकाचा काहीच उपयोग झाला नसता. आकड्याला धातूची जात कळत नाही, त्यास केवळ काठ हवा असतो. चुंबकास काठ नको, पण धातूची जात हवी. ह्या दोन साधनांची अशी तुलना मुलांपुढे मांडल्यास ‘चुंबकीय पदार्थ’ ही संज्ञा त्यांस वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

चुंबकाचा असा उपयोगही आजचा नव्हे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शरीरात शिरलेले शल्य बाहेर काढण्याचे पंधरा उपाय सांगितले आहेत. त्यांत अयस्कान्ताचा, म्हणजे लोहचुंबकाचा, समावेश आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हा उपाय कोठे चालतो तेही तेथे सांगितले आहे. शल्य घट्ट रुतलेले नसावे, त्यास मागे वळलेले कान नसावेत आणि जखमेचे तोंड पुरेसे मोकळे असावे. साधनाच्या सामर्थ्याबरोबर त्याच्या मर्यादाही सांगण्याची ही शिस्त आपणही पाळावी.

साधन करण्यापूर्वी समजून घ्यावयाच्या चार गोष्टी

पहिली गोष्ट पदार्थाची. लोखंड, पोलाद व निकेल हे चुंबकाकडे ओढले जातात. तांबे, पितळ, ॲल्युमिनियम, सोने व चांदी ओढली जात नाहीत. स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत मात्र घाईने उत्तर देऊ नये. घरातील काही स्टीलची भांडी चुंबकास चिकटतात, काही चिकटत नाहीत. कारण त्या मिश्रधातूंची घडण निरनिराळी असते. नाण्यांचेही तसेच आहे. हल्ली चालणारी एक व दोन रुपयांची पोलादी नाणी चिकटतात, पाच रुपयांचे पिवळे नाणे चिकटत नाही. १९५० साली निघालेला प्रजासत्ताकाचा पहिला रुपया निकेलचा होता. कोणाच्या घरी जपून ठेवलेला असेल तर तोही चिकटतो असे दिसेल. दहा रुपयांच्या नाण्यांची परीक्षा मुलांनीच करावी व कोणत्या वर्षाचे नाणे कसे वागते ह्याची नोंद ठेवावी. शिक्षकांनी उत्तर आधी सांगू नये.

दुसरी गोष्ट अंतराची. चुंबकाची ओढ अंतराबरोबर फार झपाट्याने कमी होते. हे कळण्यासाठी चुंबकाच्या तोंडावर वहीचा एक कागद ठेवून किती टाचण्या उचलल्या जातात ते मोजावे. मग दोन, चार, आठ असे कागद वाढवीत जावे व आकडे तक्त्यात लिहावेत. केवळ कागदाच्या जाडीने एवढा फरक पडतो हे पाहून मुलांस नवल वाटते. वस्तूचा आकारही ह्याच कारणामुळे महत्त्वाचा ठरतो. सपाट पत्र्यावर चुंबक पूर्ण टेकतो, म्हणून पकड घट्ट बसते. गोल किंवा गंजलेल्या वस्तूस तो एखाद्याच रेषेत वा ठिपक्यात टेकतो व उरलेल्या भागात हवेची फट राहते. पाण्याने भरलेली पत्र्याची बादली चुंबकाने वर येत नाही, ह्याचे हे एक कारण होय. दुसरे कारण पाण्याचे वजन. तेथे गळच हवा.

तिसरी गोष्ट प्रवर्तनाची. चुंबकास एक टाचणी चिकटली की त्या टाचणीस दुसरी चिकटते, दुसरीस तिसरी. चुंबकाच्या सान्निध्यात टाचणी स्वतः तात्पुरता चुंबक बनते. लोखंडाच्या अंतरंगात असंख्य सूक्ष्म चुंबकीय विभाग असतात. एरवी त्यांची तोंडे वाटेल त्या दिशांस असतात. चुंबक जवळ आला की त्यांतील पुष्कळ विभाग एका दिशेने वळतात. कवायतीपूर्वी मैदानात विखुरलेली मुले शिट्टी वाजताच एका दिशेस तोंड करून उभी राहतात, हे उदाहरण देता येईल. साध्या लोखंडात ही रांग चुंबक दूर होताच बहुतांशी मोडते. पोलादात ती पुष्कळ काळ टिकते. म्हणून एकाच दिशेने चुंबक घासलेली पोलादी सुई स्वतःच चुंबक होऊन राहते.

चौथी गोष्ट वजनाची, आणि हीच त्या मुलाने एका वाक्यात सांगितली होती. पाण्यात बुडालेल्या वस्तूवर तिने बाजूस सारलेल्या पाण्याच्या वजनाइतका दाब खालून वर लागतो, हे आर्किमिडीजचे तत्त्व आपणांस परिचित आहे. लोखंड पाण्याच्या सुमारे ७.८ पट जड असते. ७८० ग्रॅम वजनाचा लोखंडी तुकडा १०० घनसेंटिमीटर पाणी बाजूस सारतो. म्हणून पाण्यात त्याचे वजन १०० ग्रॅमने कमी, म्हणजे ६८० ग्रॅमच भासते. वर ओढताना तो पाण्याबाहेर येऊ लागला की हे १०० ग्रॅम पुन्हा परत येतात. चुंबकाची पकड जेमतेम पुरेशी असेल तर वस्तू नेमकी ह्याच क्षणी सुटते. त्यातच दोरीला हिसका बसला तर पकडीवरील ताण आणखी वाढतो. म्हणून ‘एकदम ओढू नये’ हा घाटावरील अनुभव शास्त्रास धरूनच आहे. बादलीभर पाणी, चुंबक व एक बोल्ट एवढ्या साहित्यावर हा प्रयोग वर्गात करता येतो.

साधने करण्याची कृती

पहिले साधन : नळीचा चुंबक. फटीत, कपाटामागे किंवा धान्यात पडलेल्या लहान वस्तूंसाठी हे उपयोगी पडते. घरातील वीजजोडणीसाठी वापरतात तशी प्लॅस्टिकची पोकळ नळी सुमारे अर्धा मीटर लांब घ्यावी. तिच्या आत सहज सरकेल असा लहान काळा गोल चुंबक एका लोखंडी बोल्टच्या डोक्यास चिकटवावा व बोल्टला मजबूत दोरा बांधून तो नळीत सोडावा. नळीचे खालचे तोंड पातळ पण चिवट प्लॅस्टिकच्या तुकड्याने झाकून दोऱ्याने घट्ट आवळावे. त्याच टोकाशी नळीभोवती रबराचे एक कडे चढवावे. चुंबक तळाशी असताना टाचण्या, सुया व खिळे तोंडाशी चिकटतात. दोरा ओढून चुंबक वर घेतला की ओढ नाहीशी होऊन त्या आपोआप गळून पडतात. वर सरकू पाहणाऱ्या टाचण्यांस रबराचे कडे अडविते. चुंबकास चिकटलेल्या बारीक टाचण्या बोटांनी सोडविताना त्या टोचतात, तो त्रास ह्या युक्तीने वाचतो.

दुसरे साधन : दोरीचा चुंबक. ह्यासाठी मोडक्या रेडिओच्या किंवा दूरदर्शनसंचाच्या स्पीकरमधील चुंबक उत्तम. असे स्पीकर तालुक्याच्या गावी दुरुस्तीच्या दुकानात किंवा भंगारात मिळतात. स्पीकरचा कागदी शंकू व पत्र्याची चौकट पक्कड व पेचकस घेऊन शिक्षकांनीच सोडवावी. काळी कडी व तिच्या दोन्ही बाजूंच्या लोखंडी चकत्या मात्र एकमेकींपासून वेगळ्या करू नयेत. कडी मातीच्या भांड्याप्रमाणे भाजून केलेली असल्यामुळे ठिसूळ असते व चटकन फुटते. शिवाय त्या चकत्यांमुळे चुंबकाचे बळ एकवटते. ज्या बाजूस वर्तुळाकार खाच असते त्या बाजूस ओढ विशेष जाणवते. ह्या खाचेत वाळूचे कण शिरू नयेत म्हणून सर्व चुंबक पातळ कापडात गुंडाळावा. दगडावर आपटून फुटू नये म्हणून कडेने सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चढवावी. परंतु खालच्या तोंडावर कापडाचा एकच पदर असू द्यावा. येथे कागदांच्या प्रयोगाची आठवण मुलांस करून द्यावी. जाड वेष्टनाने चुंबक सुरक्षित राहतो, पण दुबळा होतो. पातळ वेष्टनाने बळ टिकते, पण फुटण्याचे भय वाढते. किती जाडी ठेवावी हे मुलांनी चर्चा करून ठरवावे. शेवटी नायलॉनची दोरी दोन्ही बाजूंनी चौकडीसारखी आवळून मध्यभागी गाठ मारावी, म्हणजे चुंबक आडवा व समतोल लोंबतो.

हा चुंबक नदीकाठच्या वाळूतून फिरविल्यास त्याच्या तोंडावर काळ्या कणांच्या मिशा उगवल्यासारख्या दिसतात. आपल्या जिल्ह्यातील डोंगर ज्या काळ्या बेसाल्ट खडकाचे आहेत त्यात मॅग्नेटाइट ह्या चुंबकीय खनिजाचे बारीक कण असतात. खडक झिजतो, पावसाचे पाणी ते कण ओढ्यानाल्यांतून गोदावरी, दारणा, गिरणा ह्यांच्या पात्रांत आणून टाकते. ब्रह्मगिरीचा खडक गावच्या वाळूत कसा येऊन पोहोचतो, हा भूगोलाचा पाठ ह्याच साधनाच्या टोकाशी लोंबत असतो.

तिसरे साधन : विजेचा चुंबक. विद्युत्प्रवाहाने चुंबकसूची विचलित होते हे हान्स ओर्स्टेड ह्यांनी कोपनहेगन येथे १८२० साली दाखविले, आणि पुढील पाचच वर्षांत विल्यम स्टर्जन ह्यांनी लोखंडी गाभ्याचा विद्युत्चुंबक तयार केला. आपणांस त्यासाठी सुमारे १० सेंटिमीटर लांबीचा खिळा, मोटार वायंडिंगच्या दुकानातील मुलाम्याची तांब्याची तार आणि टॉर्चचा एक सेल पुरे. खिळ्यावर तारेचे सुमारे १०० वेढे एकाच दिशेने गुंडाळावेत. तारेच्या दोन्ही टोकांवरील मुलामा काचकागदाने खरवडून ती सेलच्या दोन टोकांस धरावीत. प्रवाह चालू असेतो खिळा टाचण्या उचलतो; तार सोडताच बहुतेक खाली पडतात. तार लवकर तापते व सेल उतरतो, म्हणून प्रवाह काही क्षणच चालू ठेवावा. वेढे निम्मे केल्यास काय होते ते मुलांस पाहू द्यावे. भंगाराच्या मोठ्या गोदामात यारीच्या टोकाचा चुंबक लोखंडाचा ढीग उचलतो व हव्या त्या जागी सोडतो, तो ह्याच तत्त्वावर. हे साधन मात्र वर्गातील टेबलापुरतेच आहे. पाण्यात वा विहिरीत ते नेऊ नये.

शाळेत व गावात होणारे उपयोग

शाळेची दुरुस्ती किंवा छपराचे पत्रे बदलण्याचे काम झाले की आवारात खिळे, तारांचे तुकडे व पत्र्याच्या कात्रणी पडून राहतात. आपली पुष्कळ मुले अनवाणी खेळतात. गंजलेला खिळा खोल रुतला तर धनुर्वाताचे भय असते. दोरीचा चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आवारात हळूहळू ओढीत नेल्यास मातीत लपलेले खिळेसुद्धा वर येतात. पिशवी उलटी करून चुंबक बाहेर काढला की सारा कचरा पिशवीतच राहतो. आवाराचे चौकोन आखून प्रत्येक गटास एक चौकोन द्यावा व कोठे किती खिळे मिळाले ह्याचा आलेख काढावा. ओढणाऱ्या मुलांच्या पायांत मात्र पादत्राणे असावीत आणि निघालेला कचरा शिक्षकांनी डब्यात बंद करून ठेवावा.

गोठ्याच्या व वैरणीच्या गंजीच्या आसपास असाच चुंबक फिरविणे अधिकच अगत्याचे आहे. गाय वैरण बारीक न चावता गिळते व मागाहून रवंथ करते. त्यामुळे वैरणीतील तार किंवा खिळा तिच्या ध्यानात येत नाही. ही वस्तू पोटाच्या जाळीसारख्या कप्प्यात जाऊन बसते. तो कप्पा हृदयाच्या अगदी निकट असल्याने टोकदार तार त्याची भिंत भेदून हृदयाच्या आवरणापर्यंत पोहोचू शकते, व धडधाकट दिसणारे जनावर दगावते. ह्यावर प्रतिबंध म्हणून पशुवैद्य जनावराच्या पोटात एक गुळगुळीत लांबट चुंबक सोडतात. गिळलेले लोखंड त्यास चिकटून एका जागी राहते. हे काम सर्वस्वी पशुवैद्याचे आहे. परंतु वैरणीची जागा चुंबकाने झाडून घेणे हे काम पाचवीच्या मुलांस करता येते, आणि दुभत्या गायीची किंमत त्यांच्या घरी सर्वांस ठाऊक असते.

घ्यावयाची काळजी

ही सूचना केवळ औपचारिक नाही. ती वर्गात वाचून दाखवावी.

विहिरीच्या काठावरून वाकून कोणतीही वस्तू काढण्याचे काम विद्यार्थ्यांस कदापि सांगू नये. विहिरीतील वस्तू काढावयाची असल्यास ती मोठ्या माणसांनी काढावी. मुलांनी दुरून पाहावे. ज्या विहिरीवर विजेची मोटार आहे तेथे मोठ्यांनीही वीज बंद केल्यावाचून चुंबक सोडू नये. वीजजोडणीच्या पेटीच्या आसपास पडलेली वस्तू कोणत्याही साधनाने काढू नये.

स्पीकरमधील काळा चुंबक शाळेच्या कामास पुरेसा आहे. १९८० नंतरच्या दशकात निओडिमियमचे चकचकीत चुंबक प्रचारात आले. आज ते खेळण्यांत व मोबाइलच्या सुट्या भागांतही सापडतात. आकाराने हरभऱ्याएवढे असले तरी त्यांची ओढ विलक्षण असते. लहान मुलाने असे दोन चुंबक गिळले, तर आतड्याच्या निरनिराळ्या वेढ्यांत असताना ते एकमेकांस ओढून धरतात, मधल्या आतड्यास भोक पडते व प्राणावर बेतते. असे चुंबक पहिली-दुसरीच्या मुलांच्या हाती देऊ नयेत. एखाद्या मुलाने चुंबक गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट न पाहता त्यास रुग्णालयात न्यावे. हृदयाची गती राखणारे यंत्र ज्यांच्या छातीत बसविले आहे अशा व्यक्तींनी कोणताही मोठा चुंबक छातीजवळ धरू नये.

पटावर नसलेला मुलगा

आता पुन्हा त्या मुलाकडे वळतो. हा लेख चुंबकाविषयी असला तरी तो लिहिण्याचे कारण तोच आहे.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ साली संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास त्याने शिक्षणाचा हक्क दिला. कायदा मुलास शाळेच्या दारापर्यंत आणतो. परंतु ते मूल आत रमावे ह्यासाठी त्यास येत असलेल्या गोष्टीस शाळेत जागा हवी. त्या मुलाच्या हातांत एक विद्या होती. ती त्याने शाळेबाहेर, थंड पाण्यात पाय बुडवून मिळविली होती. आम्ही त्याच्या गैरहजेरीचे दिवस मोजले. ह्या विद्येचा एकही गुण आमच्यापाशी नव्हता.

ह्याचा अर्थ घाटावर नाणी वेचणे मुलांसाठी चांगले आहे असा मुळीच नाही. पावसाळ्यात गोदावरीचे पाणी चढू लागले की ते दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आले ह्यावरून नाशिककर पुराचा अंदाज करतात. त्या पात्रात उतरणाऱ्या मुलास किती धोका असतो हे सांगावयास नको. त्या मुलाची जागा शाळेतच आहे. पण त्यास परत आणावयाचे तर ‘तू इतके दिवस कोठे होतास?’ ह्या प्रश्नाबरोबर ‘तेथे तू काय शिकलास?’ हाही प्रश्न आपण विचारला पाहिजे. दुसरा प्रश्न मी त्या दिवशी अर्धाच विचारला.

हस्तव्यवसायाच्या द्वारे शिक्षण ही कल्पना आपल्या राज्यास अपरिचित नाही. १९३७ साली वर्धा येथील परिषदेत महात्मा गांधींनी तीच मांडली होती. पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करून दाखविण्याचे मोठे काम झाले आहे. आपल्या वर्गात हे तत्त्व आणताना एवढेच करावे : साधन करण्याच्या दिवशी शिक्षकांनी आधी विचारावे, ‘पडलेली वस्तू काढण्याची युक्ती कोणास येते?’ मेंढपाळाच्या, लोहाराच्या, भंगार गोळा करणाऱ्याच्या किंवा शिंप्याच्या घरचे मूल बहुधा पुढे येईल. एरवी जे गप्प असते त्याच मुलास त्या दिवशी फळ्याजवळ उभे करावे व त्यास शिकवू द्यावे. त्याची भाषा त्याच्या घरची असेल. ती मध्येच सुधारू नये. त्याचे सांगणे पूर्ण झाल्यावर ‘प्रवर्तन’, ‘चुंबकीय पदार्थ’ इत्यादी संज्ञा शिक्षकांनी त्याच्याच वाक्यांस जोडून द्याव्यात.

शेवटी शिक्षकबंधुभगिनींस विनंती अशी की, ह्या सत्रात प्रत्येक शाळेने निदान एक दोरीचा चुंबक व एक नळीचा चुंबक तयार करावा. प्रथमोपचाराच्या पेटीशेजारी खुंटीवर तो टांगून ठेवावा आणि ज्या विद्यार्थ्यांनी तो केला त्यांची नावे चिठ्ठीवर लिहून त्यास बांधावीत. शाळाभेटीच्या वेळी मी तो आवर्जून पाहीन. त्याने कोणकोणत्या वस्तू काढल्या ह्याची वही ठेवली असल्यास ती वाचीन, आणि ह्या खेपेस शेरेबहीत गैरहजेरीच्या ओळीखाली त्याविषयीही लिहीन.